पर्वतावरील प्रार्थना : समूहात आणि मौनात

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



एखाद्या धार्मिक संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिच्या इमारतींचा, निधीचा, पाठशाळेचा आणि कार्यकर्त्यांचा गौरव होतो, आणि तो यथोचितच आहे. परंतु संस्थेने समाजात कोणती सवय रुजविली, हाही प्रश्न अशा प्रसंगी विचारला गेला पाहिजे. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी येथील जैन कुटुंबांत अशी एक जुनी सवय आहे. वर्षातून एकदा तरी चार घरांनी मिळून एखाद्या डोंगरावरील तीर्थक्षेत्री जावे, पहाटे पायऱ्या चढाव्यात, वंदना करावी आणि वर काही काळ एकत्र बसून णमोकार मंत्राचा जप व चिंतन करावे. आजच्या भाषणाचा विषय ही सवय आहे. ती कोठून आली, तिचा अर्थ काय, आणि आज तिची अवस्था कशी आहे, याचा विचार सुवर्णमहोत्सवी वर्षात करणे उचित ठरेल.

प्रारंभीच एक शंका उपस्थित होते. आपला धर्म कोणत्याही दात्या ईश्वराकडे मागणे मागावयास सांगत नाही. कर्म ज्याचे त्याने बांधावयाचे आणि निर्जराही ज्याची त्यानेच करावयाची. असे असता प्रार्थना समूहाने का करावयाची? आणि आत्मा तर सर्वत्र स्वतःपाशीच असतो, मग त्याच्या चिंतनासाठी घर-मंदिर सोडून डोंगर का चढावयाचा? या शंकेला उत्तर न देता केलेली यात्रा ही केवळ सहल होते. म्हणून ही शंका बाजूस न सारता तिच्यातूनच पुढे जाणे बरे.

प्रथम पर्वताचा विचार करू. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी श्री सम्मेदशिखर आहे. भगवान ऋषभदेवांचे निर्वाण अष्टापद कैलासावर आणि भगवान नेमिनाथांचे गिरनारवर झाले, असे परंपरा सांगते. म्हणजे चोवीसांपैकी बावीस तीर्थंकरांचा अंतिम ध्यानकाळ पर्वताशी जोडलेला आहे. आपल्या महाराष्ट्रात नाशिकजवळचे गजपंथा, बागलाणातील मांगी-तुंगी, मराठवाड्यातील कुंथलगिरी ही सिद्धक्षेत्रे डोंगरावरच वसली आहेत. श्वेतांबर परंपरेत शत्रुंजयाचे स्थान सर्वश्रुत आहे. साधकांनी पर्वत निवडला तो दृश्य पाहण्यासाठी नव्हे. वस्ती, व्यवहार आणि परिग्रह जेथे आपोआप मागे राहतात अशी ती जागा होती. डोंगर चढणाऱ्या मनुष्यास हातातील ओझे किती अनावश्यक आहे हे कोणी सांगावे लागत नाही; पहिल्या शंभर पायऱ्यांतच ते त्याला कळते. अपरिग्रहाचा असा सोपा पाठ सपाट जमिनीवर मिळत नाही.

वर्धा जिल्ह्यातील यात्रेकरूंना सर्वांत परिचित असलेला पर्वत मुक्तागिरीचा. वर्ध्याहून अमरावती, तेथून परतवाडा आणि परतवाड्याहून सुमारे चौदा किलोमीटरवर सातपुड्याच्या कुशीत हे क्षेत्र आहे. शासकीय नोंदीप्रमाणे ते मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात येते. परंतु वऱ्हाडातील भाविकांनी ही सीमा मनात कधीच आखली नाही. प्राकृत निर्वाणकांडात अचलपूरच्या ईशान्येस असलेल्या मेढागिरीच्या शिखरावरून साडेतीन कोटी मुनी मोक्षास गेल्याचा उल्लेख आहे. तेच हे मुक्तागिरी. डोंगरउतारावर पसरलेली बावन्न मंदिरे, त्यांच्यामधून जाणाऱ्या शेकडो पायऱ्या आणि पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याच्या मनातून ते जात नाही.

या स्थानास मेढागिरी हे नाव का पडले याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ध्यानस्थ मुनींच्या समोर कड्यावरून एक मेंढा कोसळला. तो मरणासन्न असता मुनींनी त्याच्या कानी णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव देवगतीस गेला. या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, या डोंगरास नाव मिळाले ते राजाचे नव्हे, धनिकाचे नव्हे, तर एका मेंढ्याचे. दुसरी, तेथे झालेली पहिली ‘सामूहिक प्रार्थना’ दोघांचीच होती. एक सांगणारा आणि एक ऐकणारा. ऐकणाऱ्यास भाषा येत नव्हती, त्याच्याजवळ वेळ नव्हता, तरीही ते ऐकणे वाया गेले नाही. समूह म्हणजे गर्दी नव्हे. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने खरोखर ऐकावे, एवढ्याने समूह होतो, हा या कथेचा आशय आहे.

हे क्षेत्र आज आपल्याला सुरक्षित लाभले आहे त्यामागेही समाजाचा एक निर्णय आहे. हा परिसर पूर्वी खापर्डे यांच्या मालगुजारीत होता. १९२८ साली अचलपूरचे दानवीर नत्थुसा पासुसा कळमकर यांनी अन्य धर्मबंधूंच्या साहाय्याने तो खरेदी केला आणि क्षेत्राचे रक्षण केले. त्या पिढीने डोंगर विकत घेतला तो त्यावर काही उभारून उत्पन्न मिळवावे म्हणून नव्हे. तेथील पावित्र्य आणि शांतता अबाधित राहावी म्हणून. आजच्या पिढीस तो डोंगर आयता मिळाला आहे. शांतता मात्र अशी वारशाने मिळत नाही. ती प्रत्येक पिढीला नव्याने राखावी लागते.

आता उघड्यावर बसण्याचा विचार करू. सामायिक म्हणजे दोन घडी, अर्थात अठ्ठेचाळीस मिनिटे, समभावात स्थिर राहणे. ते मंदिरात होते, स्थानकात होते, घराच्या एका कोपऱ्यातही होते. मग खडकावर, झाडाखाली बसून केलेल्या सामायिकाचे वेगळेपण कोणते? उत्तर आपल्याच जीवविचारात आहे. पृथ्वीकाय, अप्काय, तेजस्काय, वायुकाय, वनस्पतिकाय आणि त्रसकाय अशा षट्काय जीवांची आपण प्रतिक्रमणात आणि आलोचनेत आठवण करतो, त्यांना झालेल्या पीडेबद्दल क्षमा मागतो. बंद सभागृहात, पंख्याखाली, सतरंजीवर बसून म्हटलेली ही नावे पुष्कळदा केवळ नावेच राहतात. डोंगरावर मात्र ज्यांची क्षमा मागावयाची ते सर्व भोवती हजर असतात. बसलो आहोत तो दगड, पायाशी आलेले गवत, कड्यावरून झिरपणारे पाणी, अंगावरून जाणारा वारा, पानाखालून निघालेली मुंग्यांची रांग, हे सारे त्या क्षमापनेचे साक्षीदार होतात. तेथे पाऊल उचलतानाच मनुष्य खाली पाहतो. ईर्यासमितीचा उपदेश पुस्तकात कितीही वाचला तरी ओल्या पायरीवर गोगलगाय दिसल्याशिवाय तो पावलात उतरत नाही.

म्हणूनच शत्रुंजयावर चातुर्मासात यात्रा बंद ठेवण्याची परंपरा आहे. पावसाळ्यात डोंगर असंख्य सूक्ष्म जीवांनी भरलेला असतो; त्या चार महिन्यांत मनुष्याने दूर राहावयाचे आणि कार्तिक पौर्णिमेस यात्रा पुन्हा सुरू करावयाची. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांच्या त्या पर्वतावर रात्री मुक्काम करावयाचा नाही, अन्न खावयाचे नाही, हेही नियम तेथे पाळले जातात. जगात पर्वतावर चढण्याचे शास्त्र पुष्कळ विकसित झाले. पर्वताला चार महिने त्याच्या जीवांसाठी सोडून देण्याचे शास्त्र आपल्या पूर्वजांनी विकसित केले. त्याचा अभिमान बाळगणे पुरेसे नाही. ते आठ महिनेही आपल्या वागण्यात दिसले पाहिजे.

आता समूहाचा विचार. इतिहासातील काही प्रसंग येथे मार्गदर्शक ठरतात.

गुजरातमधील ईडर येथे विक्रम संवत १९५५ च्या सुमारास श्रीमद् राजचंद्र हे लल्लुजी मुनी आदी सात मुनींसह डोंगरावर जात असत. तेथे शिळेवर बसून त्यांनी आचार्य नेमिचंद्रांच्या द्रव्यसंग्रहाचे पठण व विवेचन केले. अठ्ठावन्न गाथांचा तो छोटा ग्रंथ. पण ऐकणाऱ्या मुनींच्या जीवनावर त्या दिवसांचा ठसा कायमचा राहिला. सांगणारा गृहस्थ आणि ऐकणारे मुनी, असा तो विलक्षण समूह होता. याच राजचंद्रांशी १८९१ साली मुंबईत मोहनदास गांधी या तरुण बॅरिस्टरची भेट झाली होती, आणि त्या परिचयातून गांधीजींच्या मनावर अहिंसेचा व आत्मशोधाचा जो संस्कार झाला तो त्यांनी स्वतः वेळोवेळी मान्य केला आहे.

दुसरा प्रसंग कुंथलगिरीचा. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुलभूषण-देशभूषण मुनींच्या या निर्वाणक्षेत्री सल्लेखना धारण केली. छत्तीस दिवसांनंतर १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांची समाधी झाली. तत्पूर्वी, सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांनी जमलेल्या श्रावक-श्राविकांना अखेरचा उपदेश केला. तो मराठीत होता आणि त्याचे ध्वनिमुद्रण झाले. शरीर क्षीण झालेल्या त्या महापुरुषाने तेथे चमत्काराची किंवा दानाची गोष्ट सांगितली नाही. त्यांनी आत्मचिंतनाची गोष्ट सांगितली आणि तीही हिशेबाने. दिवसाच्या चोवीस तासांत सहा घडी आत्मचिंतन व्हावे, ते न जमल्यास चार घडी, तेही न जमल्यास दोन घडी. आणि संसारी माणसाला तेही जड जात असेल तर निदान दहा-पंधरा मिनिटे, अखेर पाच मिनिटे तरी त्याने स्वतःकडे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. डोंगरावर जमलेल्या समुदायास त्या वंदनीय मुखातून मिळालेली शेवटची शिकवण प्रत्येकाने एकटे बसण्याची होती, हे विसरता कामा नये.

समूह आणि एकांत यांचा संबंध येथे स्पष्ट होतो. बारा भावनांपैकी एक एकत्व भावना आहे. जीव एकटाच येतो, एकटाच जातो, आपले कर्म एकटाच भोगतो. ही भावना घरी एकट्याने भावली तर कित्येकदा उदासी येते. तीच पन्नास जणांच्या शेजारी बसून भावली तर ध्यानात येते की शेजारचाही तितकाच एकटा आहे. जिच्याशी बोलणे सोडले ती जाऊ, ज्याच्याशी वाटणीवरून वितुष्ट आले तो भाऊ, ज्याच्या दुकानासमोर आपले दुकान आहे तो व्यापारी, सारे त्याच वाटेने जाणारे आहेत. मग राग धरावयाचा कोणावर? समूह आपले कर्म हलके करीत नाही; कर्म हलके करण्याची बुद्धी मात्र समूहात लवकर होते. तत्त्वार्थसूत्रात जीवांचा परस्परांवर उपकार सांगितला आहे, तो याच अर्थाने.

वर्धा जिल्ह्याला तर उघड्या आकाशाखालील प्रार्थनेची स्वतःची परंपरा आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात आले. पुढे १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील आश्रमात प्रार्थनेसाठी मंदिर बांधले गेले नाही, मूर्ती स्थापिली गेली नाही. मोकळ्या मैदानात जमिनीवर बसून सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होई. तिच्यात सर्व धर्मांतील वचने असत. तेथे एकादश व्रतांचे स्मरण होई आणि त्यांतील पहिली पाच व्रते ही आपली पाच व्रतेच आहेत. सेवाग्रामला डोंगर नाही, तरी उघडी जमीन, उघडे आकाश आणि भेदभावरहित बैठक एवढ्या साधनांवर प्रार्थना उभी राहू शकते, हे या जिल्ह्याने देशाला दाखविले.

पवनारला धाम नदीच्या काठी १९३८ पासून आचार्य विनोबा भावे राहिले. भूदान पदयात्रेत गावोगावी होणाऱ्या सभांमध्ये त्यांनी मौन प्रार्थनेचा प्रघात पाडला. हजारो माणसे काही मिनिटे निःशब्द बसत. शब्दांच्या प्रार्थनेत धर्माधर्मांचे, भाषाभाषांचे भेद राहतात. मौनात ते राहत नाहीत, असा त्यामागील विचार होता. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात याच विनोबाजींच्या प्रेरणेने जैन समाजासाठी एक मोठे कार्य घडले. सर्व संप्रदायांना मान्य होईल असा एक सारग्रंथ असावा, ही त्यांची इच्छा होती. क्षुल्लक जिनेंद्र वर्णीजींनी संकलन केले, २९ व ३० नोव्हेंबर १९७४ रोजी दिल्लीत दिगंबर, मूर्तिपूजक, स्थानकवासी आणि तेरापंथी मुनी व विद्वान एकत्र बसले आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सर्वमान्य झाला. शतकानुशतके जे एका सतरंजीवर बसले नव्हते ते बसले, त्यामागची प्रेरणा पवनारच्या आश्रमातून निघाली होती. पुढे १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दीपावलीच्या म्हणजे वीरनिर्वाणाच्या दिवशी, अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केलेल्या विनोबाजींनी पवनार येथे शांतपणे देह ठेवला. जैनेतर कुळात जन्मलेल्या या महापुरुषाचे आपल्या समाजावरील ऋण वर्धा जिल्ह्यातील जैनांनी तरी विसरू नये.

बंधू-भगिनींनो, येथवर परंपरेचा गौरव झाला. आता वर्तमानाकडे वळणे भाग आहे.

२ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र शासनाने पारसनाथ अभयारण्याच्या परिसरासाठी पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना काढली. तिच्यात पर्यटनविषयक तरतुदी होत्या. श्री सम्मेदशिखराचे पर्यटनस्थळ होईल या चिंतेने डिसेंबर २०२२ मध्ये देशभरातील जैन समाज रस्त्यावर उतरला. मोर्चे निघाले, दुकाने बंद राहिली, उपोषणे झाली. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र शासनाने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली आणि पारसनाथ पर्वतावर मद्य व मादक पदार्थ, मोठ्या आवाजातील संगीत व ध्वनिक्षेपक, प्रदूषण, झाडे, पाणी व प्राणी यांना अपाय, परिसराची नैसर्गिक शांतता भंग करणे, पाळीव प्राणी आणणे, अनधिकृत तळ ठोकणे आणि गिर्यारोहण यांवरील बंदी कठोरपणे अमलात आणण्याचे निर्देश राज्य शासनास दिले. ज्या पर्वतास संथाळ बांधवही मरांग बुरू म्हणून पूज्य मानतात, त्याच्या पावित्र्याचा हा प्रश्न होता.

त्या वेळी समाजाची घोषणा एकच होती : तीर्थ हे तीर्थ आहे, पर्यटनस्थळ नव्हे. ही घोषणा सत्य आहे. परंतु जी गोष्ट आपण शासनाला सांगितली, तीच आता तीर्थावर जाणाऱ्या प्रत्येक जैनाला लागू होते. निर्देशातील ती यादी पुन्हा डोळ्यांखालून घालावी. मद्य-मांसाचा प्रश्न आपल्या यात्रेत येत नाही. पण मोठ्या आवाजातील संगीताचा येतो. प्रदूषणाचा येतो. नैसर्गिक शांतता भंग करण्याचा तर हमखास येतो.

आजच्या अनेक यात्रांचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. रात्रभर बसमध्ये चित्रपटगीतांच्या चालीवरील भजने, पहाटे पायथ्याशी चहा-नाश्त्याची घाई, पायऱ्यांवर भ्रमणध्वनीवर वाजणारी स्तवने, प्रत्येक मंदिरासमोर छायाचित्र, दोन तासांत वंदना आटोपून पुढच्या क्षेत्राकडे प्रस्थान. तीन दिवसांत सात क्षेत्रे झाली, असे परत आल्यावर सांगितले जाते. सात क्षेत्रे झाली. सामायिक किती झाली, हे कोणी विचारीत नाही. डोंगरावर मागे राहतात पाण्याच्या बाटल्या, फराळाच्या पिशव्या आणि द्रोण. प्लास्टिकच्या पिशवीत अन्नाचा अंश राहतो, त्यात मुंग्या शिरतात, माकडे आणि गाई ती पिशवी गिळतात. सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य करणाऱ्या समाजाकडून दिवसाढवळ्या होणारी ही जीवहिंसा आहे.

याची दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. भजनाचा आनंद हा दोष नव्हे. ज्या आजींनी आयुष्यभर स्वयंपाकघर सांभाळले आणि सत्तराव्या वर्षी प्रथमच डोंगर पाहिला, त्यांनी शिखर दिसताच मोठ्याने जयजयकार केला तर त्यास कोण हरकत घेईल? भक्तीचा उद्गार आणि यंत्राचा आवाज यांत अंतर आहे. उद्गार निघतो आणि थांबतो. यंत्र थांबत नाही. तरुण मंडळींना मौन कंटाळवाणे वाटेल, ती यात्रेला येणार नाहीत, अशीही भीती व्यक्त केली जाते. परंतु हीच तरुण मंडळी पुणे-मुंबई-बंगळूर येथे नोकरी करीत असता दहा-दहा दिवसांच्या मौन शिबिरांना पदरचे पैसे खर्चून जातात. मौनाची भूक त्यांना आहे. ती आपल्याच धर्मात भागते हे त्यांना कोणी दाखविलेले नाही, एवढेच.

यासाठी सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने काही साधे संकल्प समाजासमोर ठेवणे योग्य होईल. त्यांना निधी लागत नाही, ठराव लागत नाही, निश्चय लागतो.

पहिला संकल्प, एका यात्रेत एकच पर्वत. मुक्तागिरीस जावयाचे तर आदल्या सायंकाळी पोहोचावे, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावे, पहाटे उजेड फुटताच पाऊल टाकावे. अंधारात पायाखालचा जीव दिसत नाही, म्हणून उजेडाची वाट पाहणे हाही धर्मच आहे.

दुसरा संकल्प, चढताना मनात णमोकार आणि भ्रमणध्वनी पायथ्याशी. वंदना पूर्ण झाल्यावर सर्वांनी वाटेत न येईल अशा मोकळ्या जागी बसावे आणि दोन घडी सामायिक करावे. पहिली काही मिनिटे आलोचना, नंतर एका भावनेचे संथ पठण, त्यानंतर मौन. दिगंबर, मंदिरमार्गी, स्थानकवासी, तेरापंथी यांचे पाठ आणि विधी भिन्न आहेत. ज्याने त्याने आपल्या आम्नायाप्रमाणे करावे. मौन सर्वांचे सारखे आहे. ज्या जिल्ह्यातून ‘समणसुत्तं’ची प्रेरणा निघाली, तेथील जैनांना एका खडकावर शेजारी बसणे अवघड जाऊ नये.

तिसरा संकल्प, मौनानंतर क्षमापना, आणि ती समोरासमोर. संवत्सरीस सर्वांना उद्देशून पाठविलेल्या संदेशात ज्याची क्षमा मागावयाची तो एकच मनुष्य नेमका सुटून जातो. व्यापारी रोजमेळ रोज मांडतो, कारण वर्षाअखेरीस एकदम बसल्यास चूक सापडत नाही. प्रतिक्रमण हा तसाच रोजमेळ आहे. जुनी बाकी डोंगरावर फेडली तर उतरताना पाय हलके पडतात.

चौथा संकल्प, डोलीवाल्यांविषयी. वृद्ध आणि आजारी यात्रेकरूंना जे खांद्यावर वाहून नेतात, त्यांच्या श्रमावर आपले पुण्य उभे आहे. त्यांच्याशी चार पैशांसाठी घासाघीस करू नये. त्यांना विश्रांती, पाणी आणि आदराचा शब्द द्यावा. ज्यांना डोलीही झेपत नाही त्यांच्यासाठी पायथ्याशी तीच सामायिक त्याच वेळी व्हावी. वर बसलेल्यांनी खालच्यांचे आणि खाली बसलेल्यांनी वरच्यांचे स्मरण करावे. वंदनेचे फळ पायऱ्यांच्या संख्येवर ठरत असते तर मुक्तागिरीच्या मेंढ्यास काहीच मिळाले नसते.

पाचवा संकल्प, जेवढे वर नेले तेवढे खाली आणावे, आणि कोणाचे मागे राहिलेले दिसल्यास तेही उचलावे. लहान मुलांना हे काम द्यावे. पाठशाळेतील अहिंसेचा धडा त्यांच्या हातांना कळेल.

वर्षातून एकदाच हा योग यावा असेही नाही. वर्धा शहरातील हनुमान टेकडीवर नागरिकांनी श्रमदानाने झाडे वाढविली आहेत आणि रोज पहाटे तेथे माणसे फिरावयास जातात. महिन्यातून एका रविवारी वीस-पंचवीस कुटुंबांनी तेथे, कोणास अडथळा न करता, दोन घडी बसावे. कोणी विचारले तर सांगावे, काही मागण्यासाठी बसलो नाही. शांत राहणे शिकत आहोत. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील मंडळींना आपापल्या गावाजवळ अशी एखादी टेकडी, नदीचा काठ अथवा शेताचा बांध सहज सापडेल.

शेवटी प्रारंभीच्या शंकेकडे यावे. पर्वत काही देत नाही आणि समूहही काही देत नाही, हे सत्य आहे. पर्वत ओझे उतरवावयास लावतो आणि समूह बसून राहावयास लावतो. बाकीचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते. ते झाले की नाही याची परीक्षा शिखरावर होत नाही. ती खाली आल्यावर होते. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाशी, घरी सुनेशी, शेतात मजुराशी आणि न्यायालयात भावाशी आपण कसे वागतो, यावरून ती वंदना खरी होती की नव्हती हे ठरते. १९२८ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी मुक्तागिरी राखले, २०२३ साली समाजाने शिखरजी राखले. पुढील पन्नास वर्षांत त्या पर्वतांवरील शांतता राखण्याचे काम कोणत्याही शासनाकडे नाही. ते प्रत्येक यात्रेकरूच्या वाणीकडे आणि पावलांकडे आहे. संस्थेच्या पुढील वाटचालीत हे कार्य घडो, हीच मंगल भावना.

जय जिनेंद्र!